नातीचं बॉन्डचं साल

त्या दिवशी दवाखान्यात कोण कोण व्हतं ते आधी सांगते, म्हंजी मागनं कुणी आपल्या पदरचं घालाय नगं. माझं थोरलं दीर व्हतं, त्यास्नी समदी वस्ती आबा म्हणती. ते टेबलावर आडवं. माझी नात व्हती, ती तितली डॉक्टरीण. एक नर्सबाई व्हती. माझा ल्योक व्हता, लोणी देवकरच्या कंपनीतनं पाळी सोडून आल्याला, कंपनीचा निळा शर्ट तसाच अंगात. आन् मी. जीपवाला भाईर व्हता, त्यानं आत डोकावलं न्हाय, माणूस चांगला. भाईर बाकावर लशीला आल्याल्या बाया व्हत्या, पोरं रडत व्हती, त्यास्नी आतलं काय दिसलं न्हाय. आता गावात लई माणसं सांगत्यात की आमी तितं व्हतो. ती नव्हती.

आता ती पोरगी तितल्या डॉक्टराच्या खुर्चीवर कशी आली ते.

आमी मेंढरामागची माणसं. दिवाळी झाली की कळप घिऊन घाट उतरायचा, कोकणात जायाचं, आन् पावसाच्या आधी परत इंदापूरच्या माळाला यायाचं. माझा ल्योक तिकडंच भाताच्या खाचरात झाला. डॉक्टर न्हाय, सुईण न्हाय. सासू व्हती आन् इळा व्हता. तिसऱ्या दिवशी घोड्यावर बिऱ्हाड चढलं आन् आमी चालाय लागलो. त्यात सांगण्यासारखं काय न्हाय, समद्या बायकांचं तसंच व्हायचं. मालक जाऊन आता बरीच वर्सं झाली. कॅनॉलचं पाणी आलं तसं आमचं चालणं थांबलं. सून भेंडी, दोडका लावती, ल्योक कंपनीत जातो, लेक कोऱ्हाळ्याला दिली, तिच्यात ऊस हाय. फकस्त आबांनी कळप ठिवला व्हता. लांब कुठं न्यायचं न्हाय, हितंच कॅनॉलच्या कडंनं चारायचं.

नात शाळेत हुशार निघाली. आमच्या घरात हुशार माणूस कसं दिसतं ते कुणाला ठावं नव्हतं, मास्तर म्हणलं म्हणून मानलं. तिला डॉक्टरकीला सरकारी कालेजात जागा लागली. फी कमी व्हती, पण ऱ्हाणं, खाणं, पुस्तकं, आन् वर माणसाच्या हाडाची एक पेटी इकत घ्यावी लागती म्हणं. सून म्हणली, ‘‘हाडं कशाला इकत? मागच्या ओढ्याला पडल्यात की.’’ ती जनावराची, ही माणसाची, आसं नातीनं समजावलं. बँकेनं थोडं लोन दिलं. बाकीच्याला आबांनी निम्मा कळप काढला. कुणी मागितलं नव्हतं. सकाळी व्यापाऱ्याची गाडी दारात लागली तवाच आमाला कळलं.

ल्योक म्हणला, ‘‘आबा, मी तुमची मेंढरं परत उभी करीन.’’

आबा म्हणलं, ‘‘तू? तुला कोकरू कुठलं आन् करडू कुठलं ते वळखत न्हाय. गप ऱ्हा.’’

शिक्षाण संपत आलं तवा समजलं की सरकारचंबी देणं हाय. सरकारनं स्वस्तात शिकवलं, त्याच्या बदल्यात जिथं डॉक्टर टिकत न्हाय आसल्या ठिकाणी वरीसभर काम करायचं. न्हाय केलं तर दंड. दंडाचा आकडा ऐकून ल्योक हुबा व्हता तो खाली बसला. ह्याला बॉन्ड म्हणत्यात.

आबांनी इचारलं, ‘‘म्हंजी सालगडी?’’

‘‘व्हय आबा, तसंच,’’ नात म्हणली.

‘‘मग पाडव्याला सुटशील.’’

‘‘न्हाय. ज्या दिवशी लागणार, तितनं वरीस भरायचं.’’

‘‘धान्य, कापड देणार का?’’

‘‘पगार देणार.’’

‘‘मग मालक बरा हाय,’’ आबा म्हणलं.

मार्काप्रमाणं ठिकाण निवडायचं व्हतं. तिचा नंबर वर व्हता, लांब कुठंबी मिळालं असतं. पण आमच्या वस्तीपासनं दोन शेतं पल्याड आरोग्य केंद्र हाय, तितं लई दिवस डॉक्टर नव्हता. बोर्ड व्हता, खुर्ची व्हती, आन् खुर्चीवर मांजर व्याली व्हती. आबा म्हणलं, ‘‘लोकाचं राखाय जायाच्या आधी दारचं राख.’’ पोरीनं ऐकलं. आपली पोर आपल्याच गावाला औषीद देणार म्हणून आमी पेढं वाटलं.

आन् तितंच चुकलं. कसं, ते ऐका.

पहिल्याच म्हैन्यात कळलं की गाव दवाखान्यात येतंय, पण दुखणं घरी ठिवून येतंय. कुणी च्या प्यायला यायचं. कुणी कंपनीत द्यायला आजारपणाचा दाखला मागाय यायचं, आन् ती म्हणली की आधी आजार तरी सांगा, की तोंड फुगवून जायाचं. मी एकदा डबा द्यायला गेले तवा आमच्या शेजारची बाई समोर बसली व्हती. तोंड तापानं लाल.

नात म्हणली, ‘‘काय व्हतंय मावशी?’’

‘‘कुठं काय. तुला बघाया आले. किती वाळलीस गं.’’

‘‘अंग तापलंय तुमचं.’’

‘‘उनातनं आले.’’

‘‘पाऊस पडतोय भाईर.’’

‘‘पडू दे. येते मी,’’ म्हणून बाई उठली, आन् दुसऱ्या दिवशी बारामतीला जाऊन पैशे मोजून औषीद घिऊन आली. कारण काय, तर तिला लघवीला जळजळत व्हतं, आन् आमची नात ते मला सांगणार, मी तिच्या सासूला सांगणार. आता हे मला कसं ठावं? तिच्या सासूनंच सांगितलं.

बाप्यांचं तर इचारूच नगा. भावकीत कुणाची ती पुतणी, कुणाची भाची, कुणाची नात. कुणी सदरा काढंना. बीपी तेवढा बघून घ्यायचं, कारण त्याला बाही वर केली की भागतं. त्या वरसात आमच्या गावाला निसता बीपीच व्हता, दुसरा आजार कागदावर न्हाय.

सांजच्याला घरी यायची आन् जेवता जेवता म्हणायची, ‘‘आजी, मी लांब गेले असते तर बरं झालं असतं. तितली माणसं माझ्याशी बोलली असती.’’

मी म्हणायची, ‘‘बोलत्यात की.’’

‘‘व्हय. मी वाळलीय म्हणून बोलत्यात.’’

आता आबांचं. आबा माझं थोरलं दीर, तवा मी त्यांच्याशी कवा तोंडावर बोलले न्हाय. आमच्यात धाकट्या भावाच्या बायकूनं थोरल्या दिराम्होरं पदर ओढून ऱ्हायाचं, बोलायचं न्हाय. पण एका घरात बोलल्याबिगर चालतंय व्हय? म्हणून मी दावणीच्या रेडकाला सांगायची. ‘‘भाकरी झाली रं,’’ म्हणलं की आबा जेवाया यायचं. आबाबी रेडकालाच म्हणायचं, ‘‘मीठ जरा कमी पडलंय, बाबा.’’ रेडकाच्या म्हशी झाल्या, म्हशी इकल्या, नवी रेडकं आली, बोलणं तसंच चाललं. आमचं कवा भांडाण झालं न्हाय. आसं बोललं की भांडाण व्हत न्हाय, करून बघा.

तर नात कामाला लागली त्याच्या आसपास माझ्या ध्यानात आलं की आबा कुडाच्या मागं जात्यात ते लवकर परत येत न्हाय. मेंढरं पार म्होरं जायाची, कुत्रं वाट बघत बसायचं. ताक सोडलं. पाणी घोटभर प्यायचं. माळावरचा काटेरी सराटा आणून उकळायचं आन् गाळून प्यायचं, मेंढ्याचं लघवीचं अडलं की पाजत्यात तसं. मी रेडकाला म्हणलं, ‘‘माणसानं दवाखान्यात जावं.’’ आबा म्हणलं, ‘‘रेडकानं आपलं वैरण बघावं.’’

मी नातीला सांगितलं. ती रातच्या जेवणाला समद्यांम्होरं न बोलता मागनं एकटी त्यांच्याकडं गेली.

‘‘आबा, लघवीला तरास हाय का?’’

‘‘कोण म्हणलं?’’

‘‘मीच इचारते.’’

‘‘माझ्या मेंढरास्नी इचार.’’

‘‘माझ्याकडं दाखवू नगा. बारामतीला बाप्या डॉक्टर हाय, मी त्याला फोन करते. ल्योक नेईल तुमचा.’’ माझ्या ल्योकाला आबा आपला ल्योक मानत, त्यास्नी स्वताचं न्हाय.

‘‘बघू बाजारच्या दिशी,’’ आबा म्हणलं. बाजारचे दिस येत ऱ्हायलं आन् जात ऱ्हायलं. ती इचारायची, ते व्हय म्हणायचं. तिनं त्यांच्यासाठी बारामतीला नंबर लावला तर त्या दिवशी आबा पहाटंच मेंढरं घिऊन गेलं ते दिवस मावळल्यावर आलं. तिनं चिडून ताट सारलं. ते म्हणलं, ‘‘अन्नावर राग काढू नगं.’’

मग तो दिवस आला. सकाळच्याला मेंढरं वाड्यातच वरडाय लागली. मी बघाया गेले तर आबा कुडाला टेकून बसल्यालं, तोंड राखेगत, पोट बेंबीच्या वरपातूर घट्ट. मी रेडकाबिडकाकडं न बघता सुनंला हाक मारली. सुनंनं ल्योकाला फोन केला, जीप मिळाली, आबांना उचलून घातलं. आबा बारामतीला न्या म्हणाय लागलं. जीपवाला म्हणला, आधी हितं केंद्रात दाखवू, मग बघू. त्यानं बरं केलं.

नातीनं पोटाला हात लावला आन् तोंड एकदम डॉक्टराचं केलं. ‘‘लघवी तुंबलीय. आत घ्या.’’

‘‘मला बारामतीला न्या,’’ आबा म्हणलं.

‘‘अँब्युलन्स बाळंतिणीला घिऊन गेलीय. जीपमधनं खड्ड्यातनं तासभर न्यायचं आन् ते तुमी सोसायचं, मला न्हाय पटत. नळी घालायची. थोड्या येळाचं काम हाय. मग न्या बारामतीला.’’

‘‘तू नगं.’’

‘‘मग कोण?’’

‘‘कोणबी दुसरं.’’

‘‘दुसरं कोण न्हाय आबा. सरकारनं हितं मलाच ठिवलंय.’’

ल्योक म्हणला, ‘‘आबा, ती डॉक्टर हाय.’’

‘‘माझ्या मांडीवर मुतल्याली पोर हाय ती,’’ आबा म्हणलं. बोलताना दात चावत व्हतं.

नात म्हणली, ‘‘मग आज फिटंफाट करू.’’

नर्सबाई हसली आन् मग तोंड फिरवून कपाटातनं काय काय काढाय लागली. पण आबांनी धोतराची गाठ दोन्ही हातांनी धरल्याली, सोडंनात. ल्योकानं हात सोडवाय बघितलं तर त्याला शिवी दिली. नात हातात मोजं घालून हुबी. तिचं तोंड मी बघितलं. ती लहानपणी ताप आल्यावर दिसायची तशी दिसत व्हती. म्हणली, ‘‘आजी, हे असंच ऱ्हायलं तर ते जातील.’’ मोठ्यानं म्हणली, त्यास्नी ऐकू जावं म्हणून.

तितं रेडकू नव्हतं. मी टेबलाजवळ गेले आन् सरळ आबांना म्हणलं, ‘‘तोंडावर पदर घ्या.’’

आबांनी माझ्याकडं बघितलं. इतक्या वरसात पहिल्यांदा नीट बघितलं असंल.

मी म्हणलं, ‘‘मी जलमभर घेतलाय तुमच्याम्होरं. त्यानं मराण येत न्हाय. जरा उकडतं.’’

मग आबांनी एका हातानं डोक्याचं मुंडासं सोडलं आन् तोंडावर घेतलं, पार गळ्यापातूर. धोतराची गाठ सुटली. मी आन् ल्योक पडद्याच्या अल्याड आलो. पल्याडनं मुंडाशाखालचा आवाज आला, ‘‘कापणार न्हाय न्हवं?’’

‘‘काय कापणार?’’ नात म्हणली.

ल्योक माझ्याकडं बघाय लागला आन् मग त्याच्या ध्यानात आलं. आमच्यात मेंढ्याचं लघवीचं अडलं आन् सराट्यानंबी सुटलं न्हाय, तर त्याला उताणा धरून शेंड्याचं बारकं टोक कापत्यात. मेंढा वाचतो. आबांचा त्यात हात व्हता, लांबलांबनं लोक बोलवायची. इतकं दिस माणूस लाजतंय म्हणून आमी समजत व्हतो. लाज व्हतीच, पण त्या लाजंखाली हे बसल्यालं व्हतं. डॉक्टरकडं गेलं की आपलंबी तसंच करणार. आन् ते करणार कोण, तर नात.

ल्योकानं पडद्यातनंच तिला सांगितलं.

मग नात म्हणली, ‘‘आबा, तुमी मेंढा न्हाय.’’

‘‘लक्षणं तीच हायेत,’’ आबा म्हणलं.

‘‘कापत न्हाय. नळी घालते. सोडा अंग.’’

पिशवी भरली. नर्सबाईनं दुसरी लावली. मुंडाशाखालनं आबा एकदाच ‘‘आगं आई’’ म्हणलं आन् त्यास्नी झोप लागली, तिथंच, टेबलावर. नात हात धुवाय गेली ती नळ चालू ठिवून लई येळ हुबी ऱ्हायली. भाईर येऊन लशीच्या बायांना म्हणली, ‘‘चला, नंबर एक.’’

बारामतीच्या मोठ्या दवाखान्यात दुपारच्याला नेलं. तितला डॉक्टर अनोळखी. त्यानं इचारलं, कवापासनं? आबांनी त्याला समदं सांगितलं, घडाघडा. कवा सुरू झालं, किती थेंब, किती आग, कधी रगत, आठ म्हैन्याचं. नात दाराशी पाण्याची बाटली घिऊन हुबी व्हती. ती आत गेली न्हाय. मला म्हणली, ‘‘आठ म्हैनं मी दोन शेतं पल्याड बसले व्हते, आजी.’’ तेवढंच म्हणली.

लघवीच्या वाटंवर गाठ व्हती, ती काढली. पण लघवी मागं तुंबून तुंबून दोन्ही किडन्यांचं व्हायचं ते झालं व्हतं. आधी आलं असतं तर वाचल्या असत्या, आसं डॉक्टर म्हणला. तो समद्यांनाच आसं म्हणत असंल, पण नातीनं मान हलवली म्हंजी खरंच असंल. आता आबा आठवड्यातनं दोन दिस बारामतीला जात्यात, मशीनवर रगत धुऊन परत येत्यात. उरल्याला कळपबी गेला, राखणार कोण. जाता-येता दमत्यात. तक्रार न्हाय. पाणी मोजून प्यायचं तेवढं जड जातं त्यास्नी.

घरी आल्यावर त्यांनी नातीशी दोन-तीन आठवडं बोलणं टाळलं. लाजत व्हतं. ती रोज येऊन त्यांच्या पायाची सूज दाबून बघायची आन् न बोलता जायाची. एक दिवस पाय म्होरं करून आबा म्हणलं, ‘‘आज उजवा जास्त हाय.’’ ती म्हणली, ‘‘व्हय, हाय.’’ तितनं म्होरं सांगाय लागलं. झोप न्हाय, खाज सुटती, तोंडाला चव न्हाय, समदं. ती लिहून घ्यायची.

तिचं साल भराय थोडं दिस ऱ्हायलं तवा मी एकदा सकाळच्याला दवाखान्यात गेले. डबा नेला न्हाय. केसपेपर काढला आन् लायनीत बसले. नर्सबाई म्हणली, ‘‘आजी, तुमी आत चला की.’’ मी म्हणलं, ‘‘नंबर येऊ दे.’’ नंबर आला.

नात म्हणली, ‘‘आजी? काय गं?’’

मी म्हणलं, ‘‘दार लाव. माझं अंग भाईर येतं.’’

तिनं पेन खाली ठिवलं. पडद्यामागं नेलं, बघितलं. ‘‘कवापासनं?’’

‘‘तुझा बाप झाला तवापासनं.’’

ती मोजाय लागली आन् मोजायची थांबली. ‘‘चालताना? वझं उचलताना?’’

‘‘हातानं आत सारायचं आन् चालायचं. कळप थांबतोय व्हय.’’

‘‘कुणाला बोललीस?’’

‘‘आता बोलले.’’

ती रडली न्हाय, मला वाटलं रडंल. इंदापूरला पाठवून अंग आत धरून ठिवाय एक रबरी कडं बसवून आणलं. बांगडीयेवढं हाय. बसवाय लागलेला येळ म्हणाल तर च्या गार व्हायच्या आत झालं. आता मी शेताला जाऊन येते, वाकून भांगलते, कडं आपल्या जागी ऱ्हातं. चार-सा म्हैन्यातनं धुवाय जावं लागतं. माझ्या मागनं वस्तीवरच्या दोघी केसपेपर काढून बसल्या. त्यात एक शेजारची व्हती. ती म्हणली, मी हिच्यासंगट आले. नातीनं दोघींना तपासलं.

साल भरलं तसा सरकारनं कागुद दिला. नात आता लांब, म्होरलं शिकाय गेली. बाळंतपणाची डॉक्टर व्हणार म्हणती. तिच्या जागी इदर्भातला एक पोरगा आलाय, त्योबी बॉन्डवरच. बारीक हाय, भाकरी मोडायला येत न्हाय त्याला, सून चपाती धाडती. तो बिचारा सकाळपासनं बसतो. बाया त्याच्याकडं बीपी घेत्यात आन् माघारी येत्यात.

म्हणून हे वाचणाऱ्याला माझं सांगणं हाय. तुमच्या गावाला आसं साल भराय पोरगं, पोरगी आली असली, तर केसपेपर काढा, लायनीत बसा आन् काय व्हतंय ते सांगा. घरचं असलं तरी सांगा, परकं असलं तरी सांगा. तितं पडदा असतो. नसला तर मागून घ्या.